दावा क्रमांक सात

लँडोरच्या उतारावरल्या त्या घरात
नेस्टा प्रॉसरने माझ्यापुढे बिस्किटांचा डबा ठेवला
आणि डब्यातून वही काढली.
निळी, तेलकट, कोपरे कुरतडल्यासारखे.
तिच्या वडिलांची. इडवाल प्रॉसर,
भट्टी क्रमांक दोन, रात्रपाळी.

मी वकिलांच्या कचेरीतून आलेली,
तासावर पैसे घेणारी, ओल्या बुटांची.
आमच्या अशिलावर आरोप असा
की त्यांनी तांबं शुद्ध करायची रीत चोरली:
ओलं लाकूड, वितळल्या तांब्यात, अकरा मिनिटं.
पेटंट एक्याऐंशी सालचं. त्याच्या भाषेत
दावा क्रमांक सात चार पानं चालतो,
‘ज्यात सदर काष्ठ’, ‘ज्यायोगे सदर वायू’,
सदर, सदर, सदर,
जणू ती काठी कुणी हातात धरलीच नव्हती.

वहीत चौऱ्याहत्तरचा फेब्रुवारी:
बर्च संपलं. नदीकाठचं अल्डर तोडून आणलं, हिरवंच.
रात्रभर टबात भिजवलं.
उकळी जोरात आली. फोरमन घाबरला.
नमुन्याची पाठ खचली नाही, फुगली नाही.
सपाट.
किती वेळ?
एक स्तोत्र, सगळी कडवी, दोनदा, घाई न करता.

मी घड्याळ लावलं. नेस्टा गायली,
वेल्शमध्ये, बशा पुसता पुसता.
दहा मिनिटं पन्नास सेकंद.
मला घाम फुटला.

पण कायद्याला वही पुरत नाही.
कपाटात राहिलेलं शहाणपण
कायद्याच्या लेखी जन्मलेलंच नसतं.
ते कुणाला तरी सांगितलेलं लागतं,
आणि ऐकणाऱ्यावर गप्प राहायचं बंधन नसावं लागतं.
मी विचारलं, बोलले होते का ते कुणाशी? कारखान्याबाहेर?

“माझ्याशी,” ती म्हणाली.
“सकाळी येऊन हात धुताना. मी नऊ वर्षांची.
साबण काळा व्हायचा, पाणी काळं व्हायचं,
आणि हे आपले सांगतायत,
काठी कशी थरथरते, धातू कसा खाकरतो,
नमुना थंड होताना कुठे बघायचं.”

आणि गुप्त ठेव म्हणाले होते?

ती हसली. खरं म्हणजे नाकातून हवा सोडली.
“मुलीला कोण सांगतं गुप्त ठेव म्हणून?
मला कळत असेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.”

ते वाक्य मी जसंच्या तसं उतरवलं, खाली तिची सही.
आमचा खटला त्या वाक्यावर उभा राहणार होता.
परतीच्या गाडीत चाल गुणगुणत होते, शब्द येत नव्हते.
आणि मनात आलं,
माणसाचा कस लागतो, तो तावून सुलाखून निघतो,
एखाद्याला आपण सहज हीणकस म्हणतो,
हे सगळं मी जन्मभर बोलत आले,
भट्टीच्या धगीला एकदाही न जाता.

खटला उभा राहिलाच नाही.
सुनावणीच्या आदल्या गुरुवारी
कार्डिफच्या एका हॉटेलात, कोकराच्या मटणावर,
दोन्ही कंपन्यांनी मिटवून टाकलं.
आकडा गुलदस्त्यात.
अट अशी की वहीबद्दल कुणी कुठे बोलायचं नाही.
त्या कागदावर नेस्टाचीही सही हवी होती.
आणायला पुन्हा मलाच पाठवलं.

तिने कागद दोनदा वाचला. चष्मा पुसला.
स्वयंपाकघरात अंडी उकडत होती, त्यांचा गॅस बंद करून आली.
“म्हणजे मला कळतं,” ती म्हणाली,
“हे आता तुम्हाला मान्य आहे.”

आणि माझं पेन
टोपण लावून परत दिलं.